दोन तास आणि ऐंशी प्रश्न

चुलीपुढं असाल, गोठ्यात असाल, नाहीतर कापूस वेचता वेचता ऐकत असाल. आज थोडा जास्त कान द्या. आज आपण बोलणार आहोत घड्याळाबद्दल. पाचवीतल्या लेकरानं नवोदयच्या परीक्षेत वेळ कसा सांभाळायचा, याबद्दल. तुम्ही म्हणाल, परीक्षा लेकरांची, गणित गुरुजींचं, त्यात आम्हा बायांचं काय काम? काम आहे. म्हणूनच आम्ही गटातल्या सगळ्या जणी मिळून हे बोलायला बसलो आहोत.

जवाहर नवोदय विद्यालय आपल्याला काही लांबचं नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून ही योजना आली. देशातली पहिली दोन विद्यालयं निघाली ती हरियाणात झज्जरला आणि आपल्या महाराष्ट्रात अमरावतीला. बीड जिल्ह्याचं विद्यालय आपल्याच गेवराई तालुक्यात, गढीला आहे. कारखान्याच्या गढीला आपण कितीदा गेलो असू. तिथंच हे विद्यालय आहे. सहावी ते बारावी तिथंच राहायचं, तिथंच शिकायचं. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश सगळं सरकारचं. दारात असलं तरी आत जायला मात्र परीक्षा द्यावी लागते. जिल्ह्याचे तालुके अकरा आणि जागा जास्तीत जास्त ८०. त्यातल्या निदान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या लेकरांना आणि निदान एक तृतीयांश जागा मुलींना. पुन्हा ही परीक्षा एकदाच देता येते. यंदा हुकली तर पुढच्या वर्षी बघू, असं इथं नाही.

आता पेपर कसा असतो ते ऐका. ८० प्रश्न, १०० गुण, वेळ दोन तास. सकाळी साडेअकराला सुरू, दुपारी दीडला बंद. पहिल्या भागात आकृत्यांचे ४० प्रश्न असतात, त्याला मानसिक क्षमता म्हणतात. मग अंकगणिताचे २० आणि शेवटी भाषेचे २०. पेपर मराठीतून देता येतो. प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण. प्रश्नाखाली चार उत्तरं छापलेली असतात, बरोबर असेल त्याचा गोल वेगळ्या उत्तरपत्रिकेवर पेननं काळा करायचा. उत्तर चुकलं म्हणून गुण कापत नाहीत. ही शेवटची गोष्ट नीट ध्यानात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

दोन तास म्हणजे १२० मिनिटं. ८० प्रश्नांना १२० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला किती? आमच्या गटातल्या एका आजीला विचारलं, तर तिनं क्षणात सांगितलं, दीड. तिला दिडकी पाठ आहे. ऐंशीची दीडपट एकशेवीस, हे तिला कागदावर मांडायला लागलं नाही. दीड मिनिटात प्रश्न वाचायचा, समजून घ्यायचा, सोडवायचा आणि गोल भरायचा. दहा वर्षांच्या लेकरानं.

दीड मिनिट म्हणजे केवढं, हे लेकरांना कळतच नाही. आपल्यालाही तसं ऐकून कळत नाही. म्हणून आम्ही मोबाईलमधलं घड्याळ लावून चुलीपुढं बसलो. थापलेली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, तेवढ्यात सव्वा ते दीड मिनिट गेलं. जाळ कमी असेल तर थोडं जास्त. तेव्हापासून आम्ही लेकरांना सांगतो, एक प्रश्न म्हणजे एक भाकरी. तव्यावर भाकरी असताना आपण दाराशी गप्पा मारत उभ्या राहतो का?

आमच्या गावात शाळा सुटल्यावर देवळाच्या ओट्यावर पाचवीची लेकरं बसवली, जुन्या प्रश्नपत्रिका दिल्या, भिंतीला घड्याळ टांगलं आणि दोन तास मोजले. पहिल्याच दिवशी जे दिसलं ते सांगतो. लेकरांना गणितं येत होती. गुरुजींनी चांगली शिकवलेली होती. पण दीडच्या ठोक्याला बघितलं तर कुणाचे वीस, कुणाचे पंचवीस प्रश्न कोरे. आणि ते कोरे प्रश्न बहुतेक भाषेचे! म्हणजे मराठी उतारा वाचायचा आणि त्याखालच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, एवढं सोपं काम. जे लेकरू संध्याकाळी आज्याला पेपर वाचून दाखवतं, त्याला तो उतारा जड नव्हता. त्याच्यापर्यंत ते पोचलंच नाही. मधे एका गणितापाशी ते पंधरा मिनिटं अडून बसलं होतं.

का अडतं? लेकरू हट्टी असतं म्हणून नाही. शाळेत आपण त्याला हेच शिकवतो की हातात घेतलेलं गणित पुरं कर, पायऱ्या मांड, अर्धवट टाकू नको. शाळेत ते बरोबरच आहे. पण या परीक्षेत पायऱ्या कुणी तपासत नाही. यंत्र फक्त काळा गोल बघतं. अवघड गणिताला सव्वा गुण आणि सोप्यालाही सव्वाच. मग अवघडापाशी रेंगाळून काय मिळतं? हुशार लेकरू जास्त अडतं, हे आमचं मत आहे. त्याला वाटतं, मला यायलाच पाहिजे.

बायांना हे समजावून सांगायची गरज नाही, पण लेकरांना टँकरचं उदाहरण लगेच पटतं. बीड जिल्ह्यातल्या लेकराला टँकर काय ते सांगावं लागत नाही. टँकर आला, गर्दी झाली, पाणी थोडाच वेळ मिळणार. तेव्हा आपण काय करतो? धड हंडे आधी भरून घेतो. गळका हंडा बाजूला ठेवतो. पाणी उरलं तर त्याचं बघू. गळक्या हंड्यापाशी बसून त्याला चिंधी लावत राहिलं तर टँकर निघून जातो आणि धड हंडेही रिकामे राहतात. परीक्षेत अवघड प्रश्न म्हणजे गळका हंडा. त्याच्या नंबरापुढं प्रश्नपत्रिकेत छोटी खूण करायची आणि पुढं जायचं.

आता दोन तासांची वाटणी. प्रत्येक भागाला किती वेळ द्यावा, हे नवोदयवाले सांगतात: आकृत्यांना एक तास, गणिताला अर्धा तास, भाषेला अर्धा तास. पण ही मिनिटं बांधलेली नाहीत. सगळा पेपर एकदमच हातात येतो आणि एका भागातून वाचलेला वेळ दुसऱ्या भागाला देता येतो. आम्ही आमच्या लेकरांसाठी वेगळी वाटणी केली. आकृत्यांचे प्रश्न सरावानं भराभर सुटतात. वेगळी आकृती ओळखा, आरशातली आकृती कोणती, पुढं काय येईल, असं सगळं. तिथं बघून दिसतं तरी, नाहीतर दिसत नाही. फार वेळ टक लावून काही होत नाही. म्हणून त्याला ४५ मिनिटं. गणितात खरंच हिशेब करायचा असतो, त्याला ४०. भाषेला २५. राहिली १०, ती शेवटी राखून ठेवायची.

लेकराला मिनिटं सांगू नका, काटा सांगा. सव्वाबाराला आकृत्या बंद. एकला पाच कमी असताना गणित बंद. एक वाजून वीस मिनिटांनी भाषा बंद. असे तीन टप्पे पाठ करून घेतले की पोराला वजाबाकी करत बसावं लागत नाही. टप्पा आला की हातातला प्रश्न कितीही गोड लागत असला तरी पान उलटायचं. हे पान उलटणंच सगळ्यात अवघड जातं. ओट्यावर आम्ही टप्प्याला थाळी वाजवायचो. पहिल्या दोन-तीन वेळा लेकरांनी थाळी वाजूनही मान वर केली नाही. नंतर थाळी वाजायच्या आधीच पानं उलटायला लागली.

गणिताच्या ४० मिनिटांतही दोन फेऱ्या कराव्यात. पहिल्या फेरीत वीसच्या वीस प्रश्न वाचायचे आणि वाचताक्षणी वाट दिसेल तेवढेच सोडवायचे. दुसऱ्या फेरीत खुणा केलेले. पहिल्या फेरीत दहा-बारा सुटले की लेकराच्या जिवात जीव येतो आणि दुसऱ्या फेरीत डोकं शांत चालतं.

आता आपल्या कामाची गोष्ट. गणित भराभर करायला लेकराला पोटातला हिशेब लागतो, आणि तो आपल्याकडं आहे. बचत गटात आपण काय करतो? पाच हजार उचलले, शेकडा दोननं महिन्याचं व्याज किती, हे सांगायला कुणी कागद मागत नाही. शंभराला दोन, पाच हजारात शंभर पन्नास, म्हणजे शंभर रुपये. आता शिष्यवृत्तीच्या सरावातलं गणित बघा: पाच हजार रुपयांचं द.सा.द.शे. ८ दरानं तीन वर्षांचं सरळव्याज किती? द.सा.द.शे. म्हणजे दर साल दर शेकडा. गटात आपण महिन्याचं मोजतो, पुस्तकात वर्षाचं असतं, एवढाच फरक. लेकरू सूत्र लिहितं, मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, खाली शंभर, मग काटाकाटी, आणि तीन मिनिटं संपतात. आपल्या पद्धतीनं: शंभराला आठ, पन्नास शंभरांना चारशे, तीन वर्षांचे बाराशे. भाकरी अजून उलटायची आहे आणि उत्तर आलं.

जुन्या बायांना पावकी, निमकी, सवायकी, दिडकी येते. त्या बायांना ओट्यावर बोलवा. ६४० रुपयांच्या वस्तूवर २५ टक्के सूट, तर किंमत किती? पंचवीस टक्के म्हणजे पाव. ६४० ची पाव १६०. राहिले ४८०. लेकराला टक्के म्हटलं की धडकी भरते, पाव म्हटलं की समजतं. १२५ गुणिले १६ मांडून केलं तर वेळ जातो. आठ सव्वाशे म्हणजे हजार, तर सोळा सव्वाशे दोन हजार.

दुसरी युक्ती उत्तरांकडून प्रश्नाकडं यायची. उत्तरं खाली छापलेलीच आहेत, मग त्यांचा उपयोग का करू नये? ४३८ गुणिले ७ विचारलं आणि खाली ३०६२, ३०६४, ३०६६, ३०६८ दिलं असेल, तर पुरा गुणाकार करायचा नाही. आठ सत्ते छप्पन, शेवटी सहा हवा. ३०६६ शिवाय दुसरं चालतच नाही. १२ आणि १८ चा लसावि विचारला आणि खाली ६, ३६, ७२, २१६ असेल, तर लहानापासून तपासत जायचं. सहाला १२ नं भाग जात नाही, गेला. छत्तीसला १२ नंही जातो, १८ नंही जातो. झालं, पुढं बघायचं कारण नाही. तो सहा तिथं मुद्दाम ठेवलेला असतो बरं का, तो मसावि आहे. घाईत लेकरं त्याच्यावरच गोल भरतात. म्हणून लसावि की मसावि, सर्वांत मोठा की सर्वांत लहान, ‘आहे’ की ‘नाही’, या शब्दांखाली प्रश्न वाचतानाच पेननं रेघ मारायची सवय लावा. रेघ मारायला लागतो एक क्षण. चुकीचं गणित बरोबर सोडवण्यात जातात दोन मिनिटं.

वेळेची गणितं तर आपल्या रोजच्या वापरातली. गेवराईहून पावणेअकराला निघालेली बस एक वाजून वीस मिनिटांनी पोचली, किती वेळ लागला? लेकरू वीसमधून पंचेचाळीस वजा करायला जातं आणि फसतं. पावणेअकरा ते पाऊण, दोन तास. पाऊणपासून पुढं एक वीसपर्यंत ३५ मिनिटं. दोन तास ३५ मिनिटं. बसस्टँडवर उभं असताना हे विचारत जा. त्यासाठी क्लासची फी लागत नाही. क्लासची गोष्ट निघालीच तर एवढं म्हणतो, ज्यांना परवडतं त्यांनी लावावा, पण कर्ज काढून क्लास लावायची गरज नाही. जुन्या प्रश्नपत्रिका, एक घड्याळ आणि शेजारी बसणारं मोठं माणूस, एवढ्यावर पुष्कळ काम होतं. त्या मोठ्या माणसाला गणित यायलाच पाहिजे असंही नाही. काटा वाचता आला म्हणजे झालं.

गोल भरण्याचं वेगळं सांगावं लागेल, कारण तिथं येणारे गुण जातात. निळ्या किंवा काळ्या बॉलपेननं गोल भरायचा, पेन्सिल चालत नाही. एकदा भरलेला गोल खोडता येत नाही, बदलता येत नाही. काही लेकरं सगळे प्रश्न आधी प्रश्नपत्रिकेवरच सोडवतात आणि शेवटी एकदम ८० गोल भरू म्हणतात. तसं मुळीच करू देऊ नका. ऐंशी गोल भरायला दहा मिनिटं सहज जातात, आणि शेवटच्या घाईत एक नंबर घसरला की खालचे सगळे घसरतात. प्रश्न सुटला की त्याच वेळी गोल. आणि एखादा प्रश्न सोडून पुढं गेलो असू तर उत्तरपत्रिकेवरही ती ओळ सोडायची. गोल भरण्याआधी नंबर ओठातल्या ओठात म्हणायचा, सत्तेचाळीस, सत्तेचाळीस. हसू येईल, पण चूक होत नाही.

आणि ती राखून ठेवलेली शेवटची दहा मिनिटं. त्यात खुणा केलेले प्रश्न पुन्हा बघायचे. सुटले तर उत्तम. एक पंचवीसनंतर मात्र सोडवणं थांबवायचं आणि राहिलेल्या प्रत्येक प्रश्नाचा एक-एक गोल भरून टाकायचा. चुकलं तर गुण कापत नाहीत, मग कोरं का ठेवायचं? चारातली दोन उत्तरं चुकीची आहेत एवढं जरी कळलं असेल, तरी उरलेल्या दोनांतलं एक निवडायला काय हरकत आहे?

घरात दिव्यांग लेकरू असेल तर त्याच्यासाठी प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. प्रमाणपत्र असलं की त्याला ४० मिनिटं जास्तीची मिळतात. तो त्याचा हक्क आहे.

नवोदय झालं नाही तरी हा सराव वाया जात नाही. राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा असते, तिच्या एका पेपरात ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं. म्हणजे दर प्रश्नाला दीड मिनिटसुद्धा नाही, एक मिनिट बारा सेकंद. आठवीत एनएमएमएस येते, तिच्या एका पेपरात ९० प्रश्न, ९० मिनिटं. तिथं मिळालं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. शिकणारी मुलगी घरावर भार आहे असं म्हणणाऱ्याला हा आकडा दाखवता येतो.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, आणि ती पेपरात नाही. २०२५ च्या प्रवेशाची परीक्षा १८ जानेवारी २०२५ ला झाली. त्याच्या पुढची १३ डिसेंबर २०२५ ला. दोन्ही तारखा ऐन ऊसतोडीतल्या. फॉर्म भरायचा पावसाळ्यात, तेव्हा आपण गावात असतो. परीक्षा येते तेव्हा आपण कुठं? सांगलीला, कोल्हापूरला, कर्नाटकात, कुणाच्या तरी फडात. उचल घेतलेली असते, मुकादम थांबत नाही. जोडीबरोबर लेकरूही कोपीवर जातं. हॉलतिकीट निघतं आणि लेकरू वाढं गोळा करत असतं. परीक्षा बीड जिल्ह्यातच द्यायची, कारण पाचवी ज्या जिल्ह्यात चालू आहे त्याच जिल्ह्याचं विद्यालय. कारखान्याच्या गावी बसून ती देता येत नाही.

दोन मिनिटांची घासाघीस लेकरू पेपरात करील, पण हे चार महिने त्याला हाताळता येणार नाहीत. ते आपल्याला हाताळायचे आहेत. म्हणून आमच्या गटानं दसऱ्याच्या आधीच्या बैठकीत एक विषय कायमचा घेतला. पाचवीची लेकरं कोणकोणती, त्यांतल्या कुणाचे आईबाप तोडीला जाणार, आणि ती लेकरं कुणाकडं राहणार. ज्यांची आजी आहे ती आजीकडं. ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीकडून वेळेत करून घ्यायची. आणि तेही जमलं नाही तर गटातल्या जी घरी राहणार आहे तिच्याकडं. पट्टा पडेपर्यंत. एका घरात दोन भाकरी जास्त पडतात, त्याचा आटा गटातून देतो. मुलगी असेल तर आई जास्त घाबरते, लेक मागं ठेवून जायचं म्हणून. ती भीती खोटी नाही. तिला नुसतं ‘काळजी करू नको’ म्हणून भागत नाही. रात्री कोण जवळ झोपणार, शाळेत कोण सोडणार, फोन कोणत्या वेळी लावणार, हे नाव घेऊन ठरवलं तर ती जाते.

फोनवर आई काय विचारणार, हेही आम्ही ठरवून दिलं. ‘अभ्यास केला का’ असं विचारायचं नाही. त्याला लेकरू ‘हो’ म्हणतं. ‘आज दोन तासांत किती कोरे राहिले?’ असं विचारायचं. पंचवीसचे अठरा झाले, अठराचे नऊ झाले, हे फडातल्या आईला कळतं. तिला पेपर वाचता येत नसला तरी.

परीक्षेच्या दिवशी कोण लेकरांना केंद्रावर नेणार, हे आदल्या आठवड्यात ठरलेलं असावं. पहिल्या एसटीचा भरवसा धरू नका. दोन-तीन गावांनी मिळून एक गाडी केली तर माणशी फार पडत नाही. साडेअकराचा पेपर असला तरी साडेदहाला केंद्रात असावं. बरोबर हॉलतिकीट, दोन चालू बॉलपेन, आदल्या रात्री कागदावर चालवून बघितलेले. हातातलं घड्याळ आत नेऊ देतात की नाही, हे हॉलतिकिटावरच्या सूचनांत बघा. आत जाऊन बसल्यावर भिंतीवरचं घड्याळ कुठं आहे ते लेकरानं आधी शोधावं. नसलं तर पर्यवेक्षकांना वेळ विचारायला लाजू नये, एवढं त्याला घरीच सांगून ठेवा. सकाळी निघताना पोट भरेल इतकं खायला द्या, फार पाणी पाजू नका, आणि पेपर सुरू व्हायच्या आधी लघवीला जाऊन यायला सांगा. मधेच उठून जाऊन यायला पाच मिनिटं लागतात, म्हणजे तीन-चार प्रश्न गेले.

दीड वाजता लेकरं बाहेर येतील तेव्हा त्यांच्या आईला फोन लावून द्या. फडात जेवणाची सुट्टी साधारण त्याच सुमाराला असते.